पहिल्याच दिवशी काला

मोरदऱ्याच्या हरिनाम सप्ताहाची पत्रिका गेली बावीस वर्षं पुंजाराम लिहीत आला होता, आणि या बावीस वर्षांत आठव्या दिवसाआधी मंडप कधी रिकामा दिसला नव्हता. त्यामुळे क्रम लावण्याच्या बाबतीत आपल्याला कुणी शहाणपण शिकवू नये, एवढीच त्याची जगाकडून अपेक्षा होती.

पत्रिका लिहिणं म्हणजे आठ महाराजांची नावं एकाखाली एक मांडणं, असं ज्याला वाटतं त्यानं सप्ताह केलेला नाही, खुशाल समजावं. पहिल्या दिवशी नवखा लावायचा. आळंदीहून नुकता शिकून आलेला, गळा गोड, पण दृष्टांत सांगता सांगता स्वतःच त्यात रस्ता चुकणारा. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावचा, म्हणजे त्याच्याबरोबर त्याचं गाव येतं. तिसऱ्या दिवशी हसवणारा, कारण तोवर माणसं पेंगायला लागलेली असतात. असं चढत चढत जायचं आणि आठव्या दिवशी, काल्याच्या कीर्तनाला, सगळ्यांत मोठा महाराज. त्याच्यासाठी पाथर्डीकडून जीपा भरभरून येतात, बाया पहाटेच जागा धरतात आणि पोरं मंडपात टांगलेल्या दहीहंडीकडे माना वर करून बसतात. मोठं नाव पहिल्या दिवशी लावलं तर माणसं पहिल्याच दिवशी तृप्त होऊन घरी जातील. मग उरलेला आठवडा विणेकऱ्यानं आणि मृदंगवाल्यानं एकमेकांची तोंडं बघत काढायचा.

दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर ऊस तोडायचे सहा महिने आणि श्रावणातले सप्ताहाचे हे आठ दिवस, पुंजारामाच्या वर्षाला एवढे दोनच खांब होते. पण यंदा त्याला तिसरा खांब जोडला गेला. त्याची थोरली लेक सुकन्या बारावी झाली. सीईटीला तिला एक्क्याण्णव पर्सेंटाइल पडले. पर्सेंटाइल म्हणजे काय हे मोरदऱ्यात कुणाला धड माहीत नव्हतं, पण एक्क्याण्णव हा आकडा सगळ्यांना कळला. देवळाच्या पारावर बसून गावानं तिला त्याच दिवशी कॉम्प्युटर इंजिनिअर करून टाकलं.

"पुण्यालाच धाडा," मृदंग वाजवणारा हनुमंत म्हणाला. "माझा साडू पुण्यालाच हाय. कॉम्प्युटरवाल्यांना हापिसात झोपायला पलंग असतो म्हनं."

"पुण्यालाच," पुंजारामानं मान हलवली. "कॉम्प्युटरच."

सुकन्या तिथंच पायरीवर बसून मोबाईलची रेंज शोधत होती. मोरदऱ्यात रेंज यायची ती फक्त देवळाच्या सभामंडपाच्या पायऱ्यांवर. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

आता या पायऱ्यांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. चार वर्षांपूर्वी सभामंडप बांधला तेव्हा नववीतली सुकन्या सुट्टीभर त्या गवंड्याच्या मागं मागं होती. पाणी भरलेली नळी धरून तो पातळी कशी काढतो, ओळंबा कसा सोडतो, सळईला पीळ कसा देतो, सगळं बघायची. पायऱ्या झाल्या त्या दिवशी ती म्हणाली, तिसरी पायरी दोन बोटं उंच झालीय. गवंडी हसला. तिनं शाळेची पट्टी आणून लावली. दोन बोटं नाही, दीड बोट निघालं. गवंडी म्हणाला, दीड बोटानं देव काय पळून जात न्हाई. देव पळाला नाही, पण तेव्हापासून गावातली प्रत्येक म्हातारी त्या तिसऱ्या पायरीवर अडखळते, देवाचं नाव घेते आणि मग वर चढते. पुंजाराम हे सगळं कौतुकानं सांगायचा. त्याचा पुढं काही अर्थ होतो, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

कॉलेजांचा अर्ज भरायची वेळ आली आणि सुकन्येला कांजिण्या आल्या.

लंकाबाईनं लेकीला आतल्या खोलीत कडुनिंबाच्या पाल्यावर निजवलं, उंबऱ्याला डहाळा लावला आणि मोबाईल उचलून ज्वारीच्या कणगीत टाकला. "डोळ्यात उष्णता जाती," तिनं सांगितलं. "बरं वाटंस्तवर त्या डबड्याकडं बघायचं न्हाई."

"आई, अर्जाची शेवटची तारीख परवा हाय."

"तुझा बाप काय मेलाय? जाईल की."

मग सुकन्येनं वहीच्या पानावर आठ नावं लिहिली. एक नंबरला पुण्याचं कॉलेज, कॉम्प्युटर. त्याखाली पुण्याचंच दुसरं, मग संगमनेरकडचं, असं करत आठव्या नंबरला नगरचं कॉलेज, सिव्हिल. आठव्या नावाखाली तिनं दोन रेघा ओढल्या आणि कागद बापाच्या हातात दिला. "आण्णा, ह्या क्रमानं भरा. पाथर्डीत रविराजच्या नेट कॅफेत जा, त्याला समदं ठाऊक हाय."

पुंजाराम सकाळच्या एसटीनं पाथर्डीला उतरला तेव्हा त्याच्या खिशात दोन कागद होते. एक सप्ताहाचा, फ्लेक्सवाल्याला द्यायचा. दुसरा लेकीचा. स्टँडसमोर चहा घेताना त्यानं दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी उघडले, आणि कप तसाच खाली ठेवला.

पोरीनं क्रम उलटा लावला होता.

सगळ्यांत मोठं कॉलेज पहिल्या नंबरला. सगळ्यांत जवळचं, साधं, गवंडीकामाचं, ते शेवटी. त्याला लेकीची दया आली. अभ्यासात हुशार असलं म्हणून मांडणी येतेच असं नाही. पहिल्याच दिवशी काला उरकल्यावर पुढं ऐकायला कोण थांबेल? आणि त्या दोन रेघा. तो स्वतः पत्रिकेच्या शेवटी अशाच दोन रेघा ओढायचा, म्हणजे फ्लेक्सवाल्याला कळावं की खाली आणखी काही नाही. तेवढं मात्र लेक बापाकडून शिकली होती. त्याला बरं वाटलं. त्यानं चहावाल्याकडून पेन घेतलं आणि आठही नावं नव्यानं लिहून काढली, नगरपासून चढत चढत पुण्यापर्यंत. कागद असा देखणा दिसायला लागला की तो जरा वेळ त्याच्याकडे बघतच राहिला.

नेट कॅफेत पोरांची रांग होती. रविराज एकाच वेळी दोघांशी बोलत तिसऱ्याचा अर्ज भरत होता. त्यानं कागदावर नजर टाकली आणि भुवई वर केली.

"काका, क्रम हाच ना? पहिला सिव्हिल?"

"हाच."

"नीट बघा. पहिला लागला की मग बदल न्हाई. घ्यावाच लागतो."

"ते मला सांगतो व्हय?" पुंजाराम गालात हसला. "पहिल्या दिवसाच्या महाराजाला एकदा आमंत्रणाचा नारळ दिला की आमी तरी कुठं बदलतो? बावीस वर्षं क्रम लावतोय बाबा. टाक तू."

रविराजला महाराज कुठून आले ते समजलं नाही, पण मागून रांग रेटत होती. त्यानं टाकलं. पुंजारामाच्या मोबाईलवर सहा आकडे आले, ते त्यानं टाळ धरल्यासारखे एकेक करून सांगितले, आणि अर्ज पक्का झाला. छापलेला कागद त्यानं घरी नेऊन देव्हाऱ्यातल्या पोथीत ठेवला.

"दाखवा तरी," आतून सुकन्या म्हणाली.

"निकाल लागंस्तवर पोथीतून काढायचा न्हाई," पुंजाराम म्हणाला. "देवाच्या हवाली केलाय."

निकाल लागला तोवर सुकन्येच्या खपल्या पडल्या होत्या आणि मोबाईल कणगीतून बाहेर आला होता. दुपारी चारच्या सुमाराला ती देवळाच्या पायऱ्यांवर गेली. मागून पुंजाराम, मागून हनुमंत, आणि पारावर रिकामी असलेली पाच-सहा माणसं. मोबाईलवर ते चाक बराच वेळ फिरत राहिलं. मग थांबलं.

"पहिला पर्याय मिळाला," सुकन्येनं वाचलं आणि तिचा आवाज चिरकला.

"पहिला?" हनुमंतानं मांडीवरच मृदंग वाजवला. "म्हंजी पुणं. कॉम्प्युटर. पेढे आणा, पुंजाभाऊ."

पण सुकन्या पुढचं वाचत होती. तिनं एकदा वाचलं, मग मोबाईल उन्हातून सावलीत धरून पुन्हा वाचलं. "आण्णा, इथं नगर दिसतंय. सिव्हिल. पर्याय क्रमांक एक."

"व्हय," पुंजाराम समजूत घालत म्हणाला. "आगं, ही सुरुवात हाय. आज नगर लागलं. अजून सात हायेत की. एकेक करीत चढत जाईल. पुणं काल्याला."

पारावर कुणाला काही उमगेना. सुकन्येला मात्र सगळं एकदम उमगलं. लहानपणापासून तिनं बापाला पत्रिका लिहिताना पाहिलं होतं.

"तुमी कागद बदलला," ती म्हणाली.

"बदलला न्हाई. क्रम नीट लावला."

"आण्णा, त्यात चढत जायचं नसतं. पहिलं लागलं की संपलं. बाकीची सात आता कुणी बघत न्हाई. घ्यायचं तर हे घ्यायचं, न्हाई तर ह्या फेऱ्यांतून बाहेर. परवा पाचपर्यंत."

ती उठली आणि घराकडे निघाली. घाईत तिसऱ्या पायरीवर तिचाही पाय अडखळला. आजवर कधी अडखळला नव्हता.

पुंजारामानं तशीच समोरून आलेली जीप धरली आणि पाथर्डी गाठली. रविराजनं त्याला पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि सगळं पुन्हा समजावलं. पहिलं म्हणजे सगळ्यांत आवडीचं. मशीन वरून खाली बघत येतं आणि जिथं जागा दिसेल तिथं थांबतं.

"वरून खाली?" पुंजारामानं विचारलं.

"वरून खाली."

"आन् त्याला कुणी सांगितलं न्हाई, मोठं शेवटी असतं म्हणून?"

"मशीन सप्ताहाला येत न्हाई, काका," रविराज म्हणाला. पण पुंजारामाचा चेहरा बघून त्याचं हसू तिथंच विरलं. "मी तुमाला इचारलं हुतं."

"इचारलं हुतंस," पुंजाराम म्हणाला.

येताना त्याला जीपमध्ये बसवेना. गावाच्या फाट्यावर उतरून तो चालत आला. पारावर हनुमंत होताच. "पुंजाभाऊ, पोरीला कॉम्प्युटरला धाडणार हुता, आन् गवंड्याच्या थापीला धाडली?" तो म्हणाला. "बरंय. देवळाला रंग द्यायचाच हाय." एरवी अशा टोमण्याला पुंजारामाकडे तीन उत्तरं तयार असायची. त्या दिवशी तो मान खाली घालून सरळ घराकडे वळला.

घरात सुकन्या भांडत नव्हती, आणि तेच वाईट होतं. ती ताट वाढायची, पाणी द्यायची, आणि बापाच्या खांद्यावरून पलीकडं बघायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजाराम देव्हाऱ्यापुढं बसला, पण नामाला सूर लागेना. शेवटी लंकाबाईनं चुलीपुढून तोंड उघडलं.

"देवाला कशाला सांगताय? त्याचं काय बिघडवलंय तुमी?"

"चुकलं माझं. मला वाटलं..."

"तुमाला लई वाटतं. बावीस वर्षं महाराजांना फोन करून इचारता, महाराज, कंची तारीख जमंल, जेवायला तिखट चालंल का, दूध म्हशीचं का गाईचं. पोरीला इचारलं का एकदा तरी, बाई, तुझ्या मनात काय हाय म्हणून?"

"तिनं लिहून दिलं हुतं की."

"तेबी तुमी खोडलं."

पुंजाराम उठला. सुकन्या देवळाकडं गेली होती. ती तिसऱ्या पायरीवर बसली होती, मोबाईल बाजूला पालथा ठेवून. पुंजाराम दोन पायऱ्या खाली, तिच्या पायांशी बसला. बापानं असं लेकीच्या पायांशी बसणं तिला अवघड वाटलं, ती सरकली, पण तो हलला नाही.

"येत्या वर्षी पुन्हा परीक्षा दे," तो म्हणाला. "ही जागा सोडून दे. कारखान्यावर तुझी आई न्हाई येणार, मी एकटा जाईन. आई तुझ्यापाशी ऱ्हाईल. तू नुसता अभ्यास कर. पुढच्या वर्षी तुझा तू क्रम लाव, मी कागदाला हात लावणार न्हाई."

समोर एक म्हातारी आली, तिसऱ्या पायरीवर अडखळली, देवाचं नाव घेतलं आणि वर गेली. दोघांनीही तिच्याकडं पाहिलं.

"एक इचारू का?" पुंजाराम म्हणाला, आणि विचारताना त्याला जाणवलं की हा प्रश्न जिभेला नवा आहे. "तुला काय पायजे? गावाचं सोड. माझं सोड. तुला काय पायजे?"

सुकन्येनं खाली बघितलं. "हे आधी का न्हाई इचारलं?"

"सुचलं न्हाई."

"आण्णा, त्या दोन रेघा मी का मारल्या हुत्या, काय वाटलं तुमाला?"

"खाली काय न्हाई म्हणून. मीबी मारतो."

"ते एकच माझं हुतं म्हणून." तिनं पायरीच्या कडेवर बोट फिरवलं, जिथं दीड बोटाचा फरक होता तिथं. "वरची सात बारावीच्या सरांची, तुमची, पाराची. समद्या गावानं कॉम्प्युटर म्हणल्यावर मी सिव्हिल वर कशी लिहिणार? हनुमंतकाका कालच थापी म्हणाले, बघा. म्हणून शेवटी लिहिलं. आठवं कधी लागत न्हाई, हे ठाऊक हुतं मला. निवद दाखवतो तसं लिहिलं. देव खात न्हाई, पण दाखवायचं."

काल्याची हंडी फुटून दही अंगावर सांडावं तसं काहीतरी पुंजारामाला वाटलं. "म्हंजी देवानंच..." त्यानं सुरुवात केली.

"देवाला मधी आणू नका," सुकन्या म्हणाली. "त्यानं न्हाई बदललं, तुमी बदललं. बरोबर पडलं म्हणून माफ न्हाई. मला राग हाय, आन् तो अजून आठ दिवस ऱ्हाईल."

"ऱ्हाऊ दे," पुंजाराम पटकन म्हणाला. "पंधरा ठेव."

तिला हसू येत होतं, ते तिनं दाबलं. "आन् पारावर तुमीच सांगायचं. चुकून लागलं असं न्हाई. सुकन्येला सिव्हिलच पायजे हुतं, असं."

"आत्ता सांगतो."

त्यानं सांगितलं. हनुमंतानं ऐकून घेतलं, डोकं खाजवलं आणि विचारलं, "मग ती पहिल्यांदी काय बांधणार?" पायरीवरून सुकन्या म्हणाली, "बांधणार न्हाई काका, तोडणार. ही पायरी." त्यावर पारावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांनी एकदम माना डोलावल्या. कोणत्याही महाराजाला पहिल्या वाक्याला इतकी दाद मिळालेली पुंजारामानं पाहिली नव्हती.

जागा स्वीकारताना पुन्हा त्याच्या मोबाईलवर सहा आकडे आले. तो ते सांगायला लागला आणि मधेच थांबला. "सांगू ना?" त्यानं विचारलं.

"सांगा," सुकन्या म्हणाली.

त्या संध्याकाळी तो सप्ताहाचा कागद घेऊन चुलीपाशी बसला. फ्लेक्स अजून छापायला गेला नव्हता, या धावपळीत कागद खिशातच राहून मऊ पडला होता. लंकाबाई भाकरी थापत होती. तो जरा खाकरला.

"आगं, यंदाच्या पत्रिकेत तुला काय... म्हंजी, तुला कुणाचं कीर्तन ऐकायचंय?"

लंकाबाईचे हात थांबले. त्याला ताप आलाय की काय हे बघावं तसं तिनं त्याच्याकडं पाहिलं. मग तिनं भाकरी तव्यावर टाकली.

"पहिल्या दिवसाचा तो बारका महाराज," ती म्हणाली. "गोड गातो म्हणत्यात. पहिल्या दिवशी समद्या गावाच्या पुऱ्या आमीच लाटतो, मंडपात बसायला मिळतं ते एकदम काल्याला. बावीस वर्षांत पहिल्या दिवसाचं कीर्तन एकदा कानावर पडलं न्हाई."

"त्याला काल्याला लावायचं?" पुंजारामाच्या तोंडून निसटलं. "आगं, तो दृष्टांतात हरवतो. काल्याला जीपा भरून माणसं येत्यात."

"मी माझं सांगितलं. तुमी इचारलं म्हणून."

आतून सुकन्येच्या खोकल्याचा आवाज आला. तो खोकला नव्हता, हसू होतं. राग धरलेली माणसं असंच हसतात.

पुंजारामानं कागद गुडघ्यावर पसरला. बावीस वर्षांत ही गोष्ट कधी झाली नव्हती. त्यानं पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मग पहिल्या दिवसापुढचं नाव खोडलं, आठव्या दिवसापुढं लिहिलं, आणि थोरल्या महाराजांना फोन करून पहिल्या दिवशी या, हे कोणत्या शब्दांत सांगायचं याचा विचार करत, त्या नावाखाली दोन रेघा ओढल्या.